तेवीस जणांचं ‘व्हय म्हाराजा’

माडवाडीतली तेवीस म्हातारी माणसं एकाच दिवशी, एकाच वेळी आणि अगदी एकाच मापाने उदास झाली, ही बातमी मीच दिली होती. पान पाच, चौदा ओळी. त्यात एकही आकडा चुकीचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर जे जे ऐकून घ्यावं लागलं त्यात ‘मधू, आकडे तरी बघायचे होतेस’ हेही होतं. आकडेच बघितले होते. बाकी काही बघितलं नाही, एवढीच चूक.

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा मालवणचा प्रतिनिधी. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी साडेसहाच्या आत बातमी पाठवतो. एकदाच उशीर झाला, तो वादळामुळे, आणि तेव्हाही बातमी वादळाचीच होती.

प्रकरण सुरू झालं माझ्या वडिलांच्या शर्टापासून. त्यांना सगळी वाडी भाई म्हणते, म्हणून मीही भाईच म्हणतो. वय ब्याऐंशी. एका आठवड्यात त्यांनी दोनदा शर्ट उलटा घातला. तिसऱ्यांदा ते मालवणच्या बाजारात बांगडे आणायला गेले आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आले. माझी बायको रश्मी म्हणाली, “बांगडे संपले असतील.” बाजारात त्या दिवशी बांगड्यांचे ढीग पडले होते. आवक वाढल्याची बातमी मीच दिली होती.

शेजारी सल्ला द्यायला आले. आमच्याकडे सल्ल्याला चहापेक्षा जास्त पाणी लागत नाही, त्यामुळे तो मुबलक असतो. सुभद्राकाकीने नजर काढायला सांगितलं. एकाने बदाम सुचवले, दुसऱ्याने बदाम बंद करायला सांगितले. आणि भाईंचे चुलतभाऊ गंगारामकाका खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहून, भाईंना स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, “मधू, माका वायट वाटता रे. पण जत्रेचा गाऱ्हाणा आता भाईक झेपाचा नाय.”

हा खरा मुद्दा होता. वाडीच्या जत्रेला सकाळी देवासमोर पहिलं गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराकडे आहे. एक जण उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागतो: दर्यावर गेलेल्याला सांभाळ, मुंबईला गेलेल्याला सांभाळ, आंब्याला मोहर दे. प्रत्येक मागणीनंतर सगळा गाव एका सुरात म्हणतो, “व्हय म्हाराजा.” भाई हे त्रेचाळीस वर्षं करत आलेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर ते बाजार आणि देऊळ सोडून कुठे जात नव्हते, आणि बाजाराचं असं झालेलं. देऊळही गेलं तर त्यांना उंबरा ओलांडायचं कारणच उरणार नव्हतं. गाऱ्हाण्यात मध्येच अडखळलं तर मान पुढच्या घराकडे जातो. पुढचं घर गंगारामकाकांचं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि स्वतःला नव्या पिढीचा माणूस समजतात.

जत्रेला एक महिना होता. भाईंची स्मरणशक्ती शाबूत आहे असा छापील कागद मला हवा होता.

तो मिळण्याची जागा मेलमध्येच पडून होती. पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक: साठ वर्षांवरील व्यक्तींची स्मृतिभ्रंशासाठी प्राथमिक तपासणी, तसंच ज्येष्ठांमधल्या नैराश्यावरील उपचारांचा अभ्यास, इच्छुक गावांनी संपर्क साधावा. मी संपर्क साधला. फोनवर तेजस्वी नावाची मुलगी होती. ती म्हणाली, “काका, एका माणसासाठी टीम येत नाही. किमान वीस ज्येष्ठ हवेत.” म्हणजे एका म्हाताऱ्याचा कागद मिळवायला आणखी एकोणीस म्हातारे जमवायचे होते. सरकारी योजनांच्या बातम्या देत आयुष्य गेल्यामुळे मला यात काही विचित्र वाटलं नाही.

मी चोवीस जमवले. प्रत्येकाला संमतीचा नऊ पानी अर्ज वाचून दाखवला. ‘सहभागी कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकतात’ हे वाक्य ऐकताच तिघांनी लगेच माघार घेतली आणि मी निघाल्यावर परत बोलावलं. शिबिराला जागा हवी होती. ग्रामपंचायतीचं सभागृह चार वर्षं नूतनीकरणात आहे, त्यावर माझ्या सात बातम्या आहेत. राहिला देवळाचा सभामंडप. त्यासाठी पंचायतीचं पत्र आणि देवाचा कौल, दोन्ही लागतं असं देवस्थान समितीतर्फे गंगारामकाकांनी सांगितलं. देवाने उजवा कौल सात मिनिटांत दिला. पंचायतीचं पत्र अजून यायचं आहे.

तेजस्वी सकाळच्या एसटीने आली. वय सव्वीस, पाठीवर सॅक, हातात टॅब्लेट. बोलणं शुद्ध पुणेरी, पण समोरच्याचं ऐकून घेण्याची सवय होती, त्यामुळे तिला क्षमा करण्यात आली. आधी स्मरणशक्तीची तपासणी एकेकाला बाजूला घेऊन. “आज तारीख काय?” या पहिल्याच प्रश्नाला सुभद्राकाकी म्हणाली, “अष्टमी.”

“तारीख, आजी.”

“अष्टमी गो. भरती साडेपाचाक. तुका तारीख कित्याक होई?”

तेजस्वी थांबली. मग आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि गुण दिला. पुढे घड्याळाचं चित्र काढायचं होतं. एका आजोबांनी सुरेख घड्याळ काढलं, त्यात चार वाजून दहा मिनिटं दाखवली. सांगितले होते अकरा. चूक दाखवल्यावर त्यांनी देवळातल्या घड्याळाकडे बोट केलं. ते सहा वर्षं चार-दहालाच बंद आहे. “माका दिसता ता मी काढलंय,” ते म्हणाले. पत्रकारितेचं तत्त्व याहून वेगळं नसतं.

दर माणशी सोळा मिनिटं लागली. साडेतीन वाजले तेव्हा टॅब्लेटची बॅटरी संपलेली, समोर चोवीस माणसं, आणि नैराश्याचे पंधरा प्रश्न शिल्लक. शेवटची एसटी पाच-दहाला. तेजस्वीने सॅकमधून छापील कागद काढले. “खरं तर एकेकट्याला विचारायचं असतं,” ती म्हणाली. “पण मी प्रश्न मोठ्याने वाचते. प्रत्येकाने आपापल्या कागदावर हो किंवा नाहीची खूण करायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या खुणा काका आणि काकू करतील.” काका म्हणजे मी, काकू म्हणजे रश्मी.

पुढे जे घडलं ते आमच्याच गावात घडू शकतं. माणसं सभामंडपात ओळीने बसली, तोंडं गाभाऱ्याकडे. तेजस्वी सगळ्यांना दिसावं म्हणून पुढे जाऊन उभी राहिली, ती नेमकी त्या फरशीवर जिथून गाऱ्हाणं घालतात. आवाज शेवटपर्यंत जावा म्हणून तिने सूर लांबवला.

“तुम्ही एकंदर आपल्या आयुष्याबद्दल समाधानी आहात काय?”

“व्हय म्हाराजा,” सभामंडप म्हणाला.

ती दचकली. मग हसली. तिला तो उत्साह वाटला. “तुमचं आयुष्य रिकामं झाल्यासारखं वाटतं काय?”

“व्हय म्हाराजा.”

“तुम्ही बहुतेक वेळ आनंदात असता काय?”

“व्हय म्हाराजा.”

“आपण निरुपयोगी झालो असं वाटतं काय?”

“व्हय म्हाराजा,” आणि हे जरा जास्तच खणखणीत, कारण एव्हाना सूर लागला होता.

मी जे ऐकलं त्यावर खुणा करत गेलो. शेजारी रश्मी कुजबुजली, “अहो, ही माणसं प्रश्न ऐकतायत तरी का?” मी तिला सांगितलं की उत्तर नोंदवणं आपलं काम, अर्थ लावणं संशोधकांचं. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनीही ‘हो’वरच खूण केली. देवासमोर एक बोलून कागदावर दुसरं करणं आमच्याकडे चालत नाही, निवडणुका सोडल्यास.

भाईंचा कागद माझ्याकडे होता. त्यांचं तोंड बंद होतं. पंधराच्या पंधरा प्रश्नांना ते एकदाही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले नाहीत. तेजस्वीकडे बघत बसून राहिले. मी नियमाप्रमाणे ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलं. गंगारामकाकांनीही बघितलं होतं. उठता उठता ते चार जणांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघलास? ‘व्हय म्हाराजा’ सुद्दा इसारलो.”

कागद आणायला गेलो होतो, आणि आता सगळ्या गावासमोर भाईंविरुद्ध साक्ष झाली होती.

पुण्याच्या हिशेबात ‘हो’ म्हणजे नेहमीच उदास असं नसतं. पंधरापैकी दहा प्रश्नांना ‘हो’ म्हणणारा उदास, उरलेल्या पाचांना ‘नाही’ म्हणणारा उदास. सगळ्याला ‘हो’ म्हटलं की गुण होतात दहा, आणि दहा म्हणजे काळजी करावी अशी उदासी. तेवीस जणांना बरोबर दहा-दहा पडले. गुण कसे द्यायचे ते माझ्याकडे उरलेल्या कोऱ्या कागदाच्या मागे छापलेलं होतं. एसटी सुटल्यावर मी बेरीज दोनदा केली आणि सहा वाजून पाच मिनिटांनी बातमी पाठवली. तेजस्वीला विचारायला हवं होतं. पण साडेसहा वाजत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिला फोन आला. सरकारी कार्यालयातून विचारणा होती की उदासीचं कारण पाणी आहे का, कारण पाणी असेल तर विभाग वेगळा. एका पक्षाने पत्रक काढलं की विकास न झाल्यामुळे माडवाडी खचली. दुसऱ्याने काढलं की विकास झालाय, माडवाडी पहिल्यापासूनच तशी. एक हास्ययोगवाले स्वतःच्या गाडीने आले आणि वाडीला आडवं-उभं हसायला लावून गेले. मासळीबाजारात मला ‘उदास वाडीचो पत्रकार’ असं नाव पडलं. वार्ताहराला नाव पडलं की ते मथळ्यापेक्षा जास्त दिवस टिकतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मुंबईहून मुलगे यायला लागले. शनिवारच्या गाडीने तिघे उतरले, पुढच्या शनिवारी पाच. कुणी उशी आणली, कुणी रक्तदाब बघायचं यंत्र. मी सुभद्राकाकीकडे बातमीची दुरुस्ती छापतो म्हणून सांगायला गेलो, तर तिने मला दारातच अडवलं.

“काय एक छापू नको हां. माजो झील बारा वर्सांनी इलो. माका उदासच ऱ्हवांदे.”

“पण काकी, ते खरं नाही.”

“तुका काय म्हायत?” ती म्हणाली आणि आत जाऊन मुलाला घावणे वाढू लागली.

इकडे गंगारामकाका रोज सकाळी आपल्या विहिरीवर उभे राहून गाऱ्हाण्याचा सराव करत होते. आवाज चांगला आहे, हे मान्य करावं लागेल. भाई आमच्या ओसरीवर बसून ऐकत. “दर्याच्या आदी मोहर घेता तो,” एवढंच एकदा म्हणाले. क्रम चुकतो असा अर्थ. स्मरणशक्ती गेलेल्या माणसाचं हे वाक्य मला नोंदवायला हवं होतं. मी त्या वेळी खुलाशाचा मसुदा करत होतो.

नवव्या दिवशी तेजस्वीचा फोन आला. “काका, तेवीस माणसांना सारखेच गुण आलेत. असं होत नाही.”

“मी बेरीज दोनदा तपासली.”

“बेरीज बरोबर आहे,” ती म्हणाली. “माणसं बरोबर नाहीत.”

ती परत आली, या वेळी चार दिवसांसाठी, घरोघर. एकेकाला एकटं बसवून तेच पंधरा प्रश्न विचारले. तेवीसपैकी एकोणीस जण ठणठणीत निघाले. चौघं खरंच उदास निघाले, त्यांत सुभद्राकाकी, हे तिनेच सांगितलं. मुलगा परत गेलेला होता. मी ते ऐकलं आणि दुरुस्तीचा मसुदा घडी करून खिशात घातला.

शेवटी आमचं घर. भाईंच्या बाजूला ‘माहितगार नातेवाईक’ म्हणून मला बसवलं. हे पद मला शोभतं असं मला वाटत होतं.

“आजोबा, झोप कशी लागते?” तेजस्वीने विचारलं.

“चांगली लागते,” मी म्हणालो.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तू माजे वांगडा निजतस?” मी त्यांच्या खोलीत झोपत नाही.

पुढचा प्रश्न माझ्यासाठी होता. आजोबांनी स्वतःहून मागून खाल्लेला शेवटचा पदार्थ कोणता, साधारण केव्हा? मी आठवू लागलो. गेल्या वर्षी बंदरात किती टन मासळी उतरली ते मला तोंडपाठ आहे. हे आठवेना. रश्मीकडे पाहिलं, तर तिने मान फिरवली. तेजस्वीने माझ्या नावापुढे ‘माहिती नाही’ असं लिहिलं. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

“तू जरा भायर बस,” भाई मला म्हणाले. एकतीस वर्षांत मला पत्रकार परिषदेतून कुणी उठवलं नव्हतं. मी खळ्यात गेलो, पण खिडकीच्या बाजूने.

“त्या दिवशी देवळात फक्त तुम्हीच बोलला नाहीत,” तेजस्वी म्हणत होती. “शब्द आठवले नाहीत का?”

“शब्द खंय जातले? त्रेचाळीस वर्सा मीच तेंका बोलवन घेतलंय. बाय, मागणारान व्हय म्हणाचा नसता. व्हय म्हणाचा ता लोकांनी. माजा काम मागणा.”

“मग तुमच्यासाठी कोण मागतं?”

आतून पानाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

“आनंदी मागी,” भाई म्हणाले. “तुळशीकडे. माका आयकाक येय.”

आनंदी म्हणजे आई. ती तुळशीपुढे काय पुटपुटायची, ते मी कधी विचारलं नव्हतं. बातमी नव्हती ती.

मग त्यांनी पंधराही प्रश्नांची उत्तरं दिली. गुण अकरा. आणि पहिल्या दिवशीच्या स्मरणशक्तीच्या तपासणीत तीसपैकी सव्वीस, जे त्यांच्या वयाला आणि चौथीपर्यंतच्या शिक्षणाला फार चांगले आहेत. “विसरणं दिसतंय ते आतल्या उदासीमुळे असावं,” तेजस्वीने भाईंच्या परवानगीने आम्हाला सांगितलं. “म्हातारपणी हे दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून घरचे फसतात. पण याला उपचार आहे.” मालवणच्या डॉक्टरांनी तपासून गोळी सुरू केली. आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी बोलायचं, आणि रोज एक तरी आवडीचं काम करायचं. गोळी लागू पडायला तीन-चार आठवडे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. जत्रा दहा दिवसांवर होती. डॉक्टरांना जत्रेची तारीख पुढे ढकलता येते का, असं मी विचारलं नाही, पण मनात आलं.

आता कागद. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो सव्वीस गुणांचा कागद तेजस्वीने पाकिटात घालून दिला, आणि दिला तो भाईंच्या हातात. “निकाल गोपनीय असतो, काका. दाखवायचा की नाही ते आजोबा ठरवतील.” भाईंनी पाकीट पानाच्या डब्याखाली सरकवलं. मी समजावलं की एकदा समितीपुढे ठेवला की गंगारामकाकांचं तोंड बंद होईल.

“देवाक सर्टिफिकेट दाखवू?” भाई म्हणाले. विषय संपला.

आवडीचं काम म्हणून त्यांनी काय निवडावं? रोज सकाळी, गंगारामकाका विहिरीवर सराव करत तेव्हा, ओसरीवरून त्यांच्या चुका सांगणं. “आदी दर्या रे, मगे मोहर.” पलीकडून आधी शिवी यायची. सातव्या दिवशी क्रम बरोबर आला.

जत्रेच्या दिवशी सकाळी दहा वाजता भाई त्या फरशीवर उभे राहिले. शर्ट सुलटा होता, रश्मीने तीनदा बघितला होता. मी खांबाला टेकून वही काढली. भाईंच्या मागे गाव, मुंबईची दुसऱ्यांदा आलेली मुलं, आणि पहिल्या ओळीत गंगारामकाका, नवं उपरणं घेऊन.

“बा देवा म्हाराजा,” भाईंनी सुरुवात केली. “आज तुज्या पायाकडे सगळी रयत जमलेली आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“दर्यार गेल्ल्यांची राखण कर. मुंबयक गेल्ल्यांका सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा.”

मोहर झाला, गुरंढोरं झाली, लेकीसुना झाल्या. शेवटची मागणी उरली आणि भाई थांबले. मी घड्याळ पाहिलं. चार सेकंद, पाच, सहा. लोक एकमेकांकडे बघू लागले. गंगारामकाकांनी उपरणं सारखं केलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. अकराव्या सेकंदाला भाईंनी मागे न बघता हात वर केला. काका जागीच थांबले.

“आणि म्हाराजा,” भाई म्हणाले, नेहमीपेक्षा हळू, “जो आजपर्यंत सगळ्यांसाठी मागत इलो, तेका दोन वर्सा झोप नाय. जेवणाक चव नाय. तेचा मन खंयच लागना नाय. ता आता लागांदे.”

ही ओळ गाऱ्हाण्यात नाही. त्रेचाळीस वर्षांत नव्हती, त्याआधी आजोबांच्या काळातही नव्हती. पाठ नसलेल्या मागणीला व्हय म्हणायचं तर आधी ती ऐकावी लागते, आणि आमचा गाव ती ऐकत होता.

“व्हय म्हाराजा,” गंगारामकाका म्हणाले. एक पाऊल पुढे, एकटेच, विहिरीवरच्या आवाजात.

मग सगळे म्हणाले. सुभद्राकाकी दोनदा म्हणाली. मीही म्हणालो, पण बाकीच्यांपेक्षा उशिरा, कारण आधी वही खाली ठेवावी लागली.

सहा वाजून वीस मिनिटांनी बातमी पाठवली, आठ ओळी. त्यात लिहिलं आहे: ‘सकाळी परंपरेनुसार गाऱ्हाणं झालं.’ हे वाक्य चुकीचं आहे, मला माहीत आहे. दुरुस्ती छापणार नाही.